तंतुवाद्यांवाचून चित्रपटसंगीत : सैनिकी बँडच्या संयोजकाचे काम

सैनिकी बँडचे संचलन पाहताना गणवेश, पावलांची लय आणि सर्वांत पुढे चालणारा ड्रम मेजर यांच्याकडे लक्ष जाते. पण तेथे वाजणारा प्रत्येक स्वर कोणत्या वाद्याने, कोणत्या सप्तकात आणि किती जोरात वाजवायचा हे ज्याने ठरवलेले असते, तो माणूस बहुधा त्या रांगांत नसतो. तो संगीत संयोजक, म्हणजेच अरेंजर. दुसऱ्याने रचलेली धून हाती असलेल्या वाद्यमेळासाठी नव्याने लिहून काढणे हे त्याचे काम. परदेशी पाहुण्याच्या स्वागतासाठी त्याच्या देशाचे राष्ट्रगीत, अंत्ययात्रेसाठी स्तोत्र, भोजनसमारंभासाठी नृत्यधुन आणि उन्हाळ्यातील खुल्या मैफलीसाठी चित्रपटातील एखादा लोकप्रिय संगीतखंड, हे सारे त्याच्याच टेबलावरून जाते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये या पदावर आयुष्य घालवणाऱ्यांचा हॉलिवूडच्या संगीतकारांशी जो संबंध आला, तो मला केवळ योगायोगाचा वाटत नाही. बँडचा संयोजक आणि चित्रपटाचा संगीतकार यांची कामे दिसतात त्यापेक्षा पुष्कळ जवळची आहेत, आणि तो जवळपणा नेमका कशात आहे हे येथे सांगायचे आहे.

हे पद मुळात का लागते याचे एक उत्तर इतिहासात सापडते. 1854 मध्ये, क्रिमियन युद्धाच्या काळात, आजच्या इस्तंबूलमधील स्कुटारी येथे राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसानिमित्त ब्रिटिश पलटणींचे बँड एकत्र उभे राहिले आणि त्यांनी राष्ट्रगीत सुरू केले, तेव्हा प्रत्येक बँडची स्वरपट्टी वेगळी आणि संयोजनही वेगळे होते. मित्रराष्ट्रांच्या अधिकाऱ्यांसमोर झालेला तो गोंधळ सैन्याच्या जिव्हारी लागला. त्याआधी पलटणीचा बँड हा बहुतांशी अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर आणि भाड्याने आणलेल्या बँडमास्तरांवर चालत असे, त्यामुळे वाद्यांची संख्या, त्यांचे सूर आणि स्वरलेखन या कशातच एकवाक्यता नव्हती. 1857 मध्ये लंडनजवळच्या नेलर हॉल येथे सैनिकी संगीताची शाळा सुरू झाली, आणि हातात येणारी धून कोणत्याही पलटणीला एकसारखी वाजवता यावी अशी लिहिणे हे एक शिकण्याचे शास्त्र बनले.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. चित्रपटाचे संगीत बहुधा सिंफनी वाद्यवृंदासाठी लिहिलेले असते, आणि त्या वाद्यवृंदाचा कणा म्हणजे व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास ही तंतुवाद्ये. सैनिकी बँडमध्ये हा कणाच नसतो. तेथे क्लॅरिनेट, फ्लूट, ओबो, बसून, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा आणि तालवाद्ये असतात. मोठ्या मैफली बँडमध्ये एखादा डबल बास किंवा हार्प असतो, पण व्हायोलिनचा ताफा नसतो. तेव्हा व्हायोलिनची ओळ क्लॅरिनेटला देऊन टाकली की झाले, असे कोणाला वाटेल. बरेच सामान्य संयोजक तेवढेच करतात, आणि म्हणूनच त्यांचे काम ऐकताना मूळ संगीताची आठवण येते, पण ते संगीत ऐकल्याचे समाधान मिळत नाही.

क्लॅरिनेट हे व्हायोलिनसारखे एकजिनसी वाद्य नाही. त्याचा खालचा भाग गडद आणि काहीसा पोकळ, मधले काही स्वर फिके, आणि वरचा भाग तेजस्वी असतो; व्हायोलिनची एक लांब ओळ खालून वर चढत जाते तेव्हा तिचा रंग सावकाश उजळतो, पण तीच ओळ क्लॅरिनेटवर मधल्या फिक्या पट्ट्यातून जाताना अडखळल्यासारखी ऐकू येते. म्हणून अनुभवी संयोजक त्या वळणावर ओळ एका वाद्याकडून दुसऱ्याकडे सोपवतो. उदाहरणार्थ, खालचे स्वर आल्टो क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोनने सुरू करून मधल्या जागी तो फ्लूटचे खालचे स्वर हळूच मिसळतो आणि मग वरच्या पट्ट्यात क्लॅरिनेटला मोकळे सोडतो. श्रोत्याला हा सांधा कळता कामा नये. व्हायोलिनचे अगदी वरचे स्वर क्लॅरिनेटच्या आवाक्याबाहेर जातात, तेथे फ्लूट आणि पिकोलो येतात. पण पिकोलोचा आवाज टोचणारा असल्याने तो किती वेळ आणि किती जणांनी वाजवायचा हेही तोलून ठरवावे लागते.

दुसरा प्रश्न श्वासाचा. गज फिरवणारा वादक स्वर हवा तितका वेळ धरू शकतो, कारण गजाची दिशा बदलताना खंड जाणवत नाही. फुंकणाऱ्याला मात्र थांबावेच लागते. चित्रपटात संवादाखाली तीस-चाळीस सेकंद एकच मंद स्वरसमूह तरंगत ठेवणे ही नेहमीची युक्ती आहे, आणि बँडमध्ये तेच साधायचे असेल तर एकाच ओळीवरच्या वादकांनी आळीपाळीने श्वास घ्यावा लागतो. एका ओळीवर एकच वादक असेल तर ही सोय राहत नाही. त्यामुळे किती वादकांना एक ओळ द्यायची हा निर्णय रंगाचा असतो तितकाच फुप्फुसांचाही असतो. बोटांनी तार छेडून काढलेल्या ठिपक्यांसारख्या स्वरांना सुषिर वाद्यांत समानार्थी काहीच नाही, म्हणून तुटक वाजवलेल्या क्लॅरिनेटबरोबर मरिंबा किंवा झायलोफोन जोडला जातो. गजाच्या जलद थरथरीने निर्माण होणारा तणाव दोन स्वरांत भराभर हेलकावे घेणाऱ्या क्लॅरिनेटांतून आणावा लागतो.

तिसरा प्रश्न स्वरपट्टीचा, आणि तो ऐकायला कोरडा असला तरी सगळ्या कामाचा निकाल तोच लावतो. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई या स्वरांच्या असल्यामुळे तंतुवाद्यांना डी, ए किंवा ई मेजर या पट्ट्या सोयीच्या असतात आणि त्यांत ती अधिक झळाळतात. बँडमधील बहुतेक वाद्ये मात्र बी फ्लॅट आणि ई फ्लॅट या सुरांत बांधलेली असतात, म्हणजे त्यांच्या वादकाने वाचलेला स्वर आणि प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर वेगळे असतात. (शार्प ही स्वर अर्ध्याने चढवण्याची आणि फ्लॅट ही उतरवण्याची खूण; कागदावर या खुणा जितक्या जास्त, तितके वाजवणे अवघड.) मूळ संगीत ई मेजरमध्ये असेल तर क्लॅरिनेटच्या वादकासमोर सहा शार्पचा आणि आल्टो सॅक्सोफोनच्या वादकासमोर सात शार्पचा कागद येतो. तेच संगीत अर्ध्या स्वराने खाली, ई फ्लॅट मेजरमध्ये आणले की क्लॅरिनेटच्या कागदावर एकच फ्लॅट उरतो आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर काहीच उरत नाही. एवढा फायदा समोर असताना पट्टी बदलण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण अर्धा स्वर खाली आल्यावर संगीताचा उजेडही थोडा बदलतो, आणि ज्या संगीतकाराने ती पट्टी विचारपूर्वक निवडलेली असते त्याला तो बदल लगेच ऐकू येतो. उत्तम दर्जाच्या बँडसाठी लिहिणारा संयोजक म्हणून अनेकदा मूळ पट्टीच ठेवतो आणि वादकांच्या तयारीवर विश्वास टाकतो.

याखेरीज चित्रपटसंगीताची एक खास अडचण असते जिचा उल्लेख क्वचितच होतो. चित्रपटासाठी ध्वनिमुद्रण करताना मायक्रोफोनच्या साहाय्याने सेलेस्टासारखे नाजूक वाद्य ट्रॉम्बोनच्या गर्जनेवरही ठळक ऐकवता येते. ती किमया कागदावर नसते, ती ध्वनिमुद्रकाच्या टेबलावर घडलेली असते. मूळ स्वरलेख जसाच्या तसा मंचावर वाजवला तर तो आठवणीतल्यासारखा वाजत नाही, आणि अमेरिकी संसदभवनाच्या पश्चिमेकडील पायऱ्यांवर होणाऱ्या उन्हाळी मैफलीत तर आवाज परत फेकायला भिंतीही नसतात. जो समतोल तंत्रज्ञाने साधला होता तो आता संयोजकाला केवळ वाद्यांची संख्या, सप्तक आणि जोर यांच्या बळावर साधायचा असतो. आणि तीच धून संचलनात वाजवायची झाली तर हार्प, टिंपनी, बहुधा ओबो आणि बसूनही गळतात. वाद्याला लावलेल्या चिमट्यात बसेल एवढ्याच कागदावर प्रत्येकाची ओळ मावली पाहिजे, कारण चालताना पान उलटता येत नाही.

असे काम करणारा माणूस घडतो कसा? अमेरिकेत मरीन बँड, म्हणजे मरीन या सैन्यदलाचा बँड, ही 1798 मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे, आणि 1880 ते 1892 या काळात जॉन फिलिप सूझा तिचे प्रमुख होते. राष्ट्राध्यक्षांसाठी वाजवणे हे तिचे मुख्य काम असल्याने बँडबरोबरच व्हाइट हाउससाठी तंतुवाद्यांचा एक लहान वाद्यवृंदही तिच्यात असतो. म्हणजे तेथील संयोजकाला एकाच आठवड्यात दोन्ही प्रकारच्या वाद्यमेळांसाठी लिहावे लागते. या बँडच्या वादकांची निवड पडद्याआडच्या चाचणीने होते, त्यांना नवसैनिकांच्या खडतर प्रशिक्षणातून सूट असते आणि ते थेट स्टाफ सार्जंट या हुद्द्यावर रुजू होतात. पगार नियमित, वाद्यवृंद कायम हाताशी, आणि लिहिलेले काही दिवसांतच उत्तम वादकांकडून वाजलेले ऐकायला मिळते. शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण संयोजन हे पुस्तकातून अर्धेच शिकता येते. आपण लिहिलेली ओळ प्रत्यक्षात कशी वाजली हे ऐकल्यावरच उरलेले अर्धे कळते, आणि बाहेरच्या जगात ती संधी फार महाग पडते.

सॅमी नेस्टिको यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. 1924 मध्ये पिट्सबर्ग येथे जन्मलेले नेस्टिको मूळचे ट्रॉम्बोनवादक. त्यांनी सुमारे पंधरा वर्षे अमेरिकी हवाई दलाच्या बँडसाठी आणि त्यानंतर पाच वर्षे मरीन बँडसाठी संयोजन केले. केनेडी आणि जॉन्सन यांच्या कारकिर्दीत व्हाइट हाउसमधील समारंभांचे संगीतही त्यांच्या हातून गेले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस गणवेश उतरवून ते लॉस एंजेलिसला गेले, आणि सॅक्सोफोनवादक चुलतभाऊ साल निस्टिको यांच्यामुळे काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदाशी त्यांची गाठ पडली. 1984 मध्ये बेसी यांचे निधन होईपर्यंत ते त्यांच्यासाठी लिहीत राहिले, आणि त्याच सुमारास दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रपट यांच्या संगीताचे वाद्यलेखनही (ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे संगीतकाराच्या आराखड्यावरून प्रत्येक वाद्याची ओळ लिहिणे) करत राहिले. सैन्यात वीस वर्षे घालवलेला माणूस हॉलिवूडच्या वेगाशी जुळवून घेऊ शकला, याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटत नाही. उद्या सकाळी लागणारे संगीत आज रात्री पूर्ण करण्याची, उपलब्ध वादकांतच भागवण्याची आणि प्रसंगाला हवे तेवढेच सेकंद लिहिण्याची सवय त्यांना सैन्यातच लागली होती, आणि स्टुडिओलाही नेमके तेच हवे होते.

वेळेचा हा मुद्दा थोडा खोलात पाहण्यासारखा आहे. अमेरिकी सैन्याच्या जलद संचलनाची नेहमीची गती मिनिटाला 120 पावले असते. चित्रपट सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) या वेगाने चालतो, म्हणजे मिनिटाला 1440 चौकटी. तेव्हा 120 च्या गतीत प्रत्येक ठोका बरोबर बारा चौकटींवर पडतो. दृश्याशी संगीत जुळवण्यासाठी संगीतकारांनी वापरलेले क्लिक ट्रॅक हे तंत्र याच हिशेबावर उभे आहे: कानात ठराविक चौकटींच्या अंतराने टकटक ऐकू येते आणि वादक त्या ठोक्यांवर वाजवतात. संचलनात झेंड्याला सलामी देण्याच्या क्षणी संगीताने आपल्या वळणावर यायचे असते, चित्रपटात दार उघडण्याच्या क्षणी. दोन्हीकडे संगीत स्वतःच्या मर्जीने लांबत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने हा संबंध अधिक घट्ट केला. नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदाचे प्रमुख ग्लेन मिलर यांनी 1942 मध्ये लोकप्रियतेच्या शिखरावर असताना सैन्यात प्रवेश केला, हवाई दलासाठी मोठा वाद्यवृंद उभारला, त्यात तंतुवाद्येही घेतली आणि संचलनाच्या धुनांना स्विंगचे, म्हणजे त्या काळच्या नाचत्या जॅझचे, रूप दिले. 15 डिसेंबर 1944 रोजी इंग्लंडहून फ्रान्सला निघालेले त्यांचे विमान बेपत्ता झाले. पुढे चित्रपट संगीतकार झालेले हेन्री मॅन्सिनी 1943 मध्ये सैन्यात दाखल झाले तेव्हा मिलर यांच्या शिफारशीमुळे प्रथम हवाई दलाच्या एका बँडमध्ये नेमले गेले, पुढे त्यांना युरोपात पाठवण्यात आले, आणि युद्ध संपल्यावर मिलर यांच्या नावाने टेक्स बेनेके यांनी चालवलेल्या वाद्यवृंदात ते पियानोवादक आणि संयोजक झाले. तेथून 1952 मध्ये ते युनिव्हर्सल स्टुडिओत गेले. असेच दुसरे संगीतकार एल्मर बर्नस्टाइन यांनी सैन्याच्या रेडिओ कार्यक्रमांसाठी संगीत लिहिले. अलेक्झांडर करेज यांनी हवाई दलात बँडचे नेतृत्व केले आणि पुढे ते हॉलिवूडमधील अत्यंत विश्वासू वाद्यलेखकांपैकी एक ठरले. ब्रिटनमध्ये जॉन बॅरी यांनी सक्तीच्या लष्करी सेवेत पलटणीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला, आणि त्याच काळात बिल रूसो या अमेरिकी संयोजकाकडून पत्राद्वारे संयोजनाचे धडे घेतले. जेम्स बाँडच्या चित्रपटांतील त्यांची पितळी वाद्यांची धारदार, दाट लेखणी ऐकताना हा तपशील मला नेहमी आठवतो.

यातले सर्वांत ठळक नाव अर्थात ‘स्टार वॉर्स’चे संगीतकार जॉन विल्यम्स यांचे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकी हवाई दलात होते, बँडमध्ये पियानो आणि पितळी वाद्ये वाजवत, तसेच संयोजन आणि संचालनही करत. न्यूफाउंडलंडमध्ये नेमणूक असताना त्यांनी तेथील पर्यटनावरच्या एका छोट्या चित्रपटाला संगीत दिले, आणि चित्रपटासाठी लिहिण्याचा त्यांचा तो पहिला अनुभव मानला जातो. 1955 मध्ये सेवा संपवून ते न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड या संगीतशाळेत पियानो शिकायला गेले. पुढे त्यांनी चित्रपटांसाठी लिहिलेल्या मार्चमध्ये (संचलनाच्या धुनांमध्ये) पितळी वाद्ये इतकी सहज कशी वावरतात याचे कारण शोधताना त्यांची ही चार वर्षे विसरून चालणार नाही.

संयोजक आणि चित्रपट संगीतकार समोरासमोर येतात तेव्हा एक भेद स्पष्ट असावा लागतो. हॉलिवूडचा वाद्यलेखक संगीतकाराच्या कच्च्या पण तपशीलवार आराखड्यावरून पूर्ण स्वरलेख तयार करतो. विल्यम्स यांच्या आराखड्यांत कोणते वाद्य काय वाजवणार हे बहुतांशी लिहिलेलेच असते, त्यामुळे तेथे वाद्यलेखकाला स्वतःचा निर्णय घ्यायला फारशी जागा नसते. बँडच्या संयोजकाला मात्र निर्णय घ्यावेच लागतात, कारण मूळ वाद्येच त्याच्याजवळ नसतात. शिवाय चित्रपटातील संगीतखंड दृश्याच्या लांबीला कापलेला असतो. त्याला मैफलीत उभे राहायचे तर स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट हवा. तो शेवट शक्यतो संगीतकाराने स्वतः केलेल्या मैफली आवृत्तीतून घ्यावा, पदरचा जोडू नये, असे माझे ठाम मत आहे. परवानगीचा प्रश्नही आहेच. अमेरिकी कायद्यानुसार सरकारी सेवकाने कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीला त्या देशात स्वामित्वहक्क मिळत नाही, पण मूळ संगीत स्टुडिओचे किंवा प्रकाशकाचे असते, आणि त्यांच्या संमतीशिवाय ते संयोजन बाहेर प्रकाशित करता येत नाही.

2003 मध्ये मरीन बँडच्या 205 व्या वर्धापनदिनाच्या मैफलीत वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये विल्यम्स यांनी स्वतः बँडचे संचालन केले, आणि 2008 मध्येही ते परत आले. अशा मैफलींसाठी त्यांचे चित्रपटसंगीत बँडसाठी लिहून काढणे हे मोठ्या जबाबदारीचे काम होते, आणि त्यातला महत्त्वाचा वाटा स्टीफन बुला यांचा होता, जे 1980 पासून तीस वर्षे या बँडचे संयोजक, नंतर मुख्य संयोजक होते. आल्टो सॅक्सोफोनसाठीची विल्यम्स यांची ‘एस्केपेड्स’ ही रचना, जी 2002 च्या ‘कॅच मी इफ यू कॅन’ या चित्रपटाच्या संगीतातून निघाली, बुला यांनी बँडसाठी लिहिली. तिच्यात एक उलटी अडचण आहे. वाद्यवृंदात सॅक्सोफोन हा पाहुणा असतो, त्यामुळे तो सहज वेगळा उठून दिसतो. बँडमध्ये सॅक्सोफोनचा पूर्ण ताफाच बसलेला असतो, आणि एकल वादकाचा रंग त्यात विरघळण्याचा धोका असतो. म्हणून एकल ओळीच्या मागे त्या घराण्यातील वाद्ये शक्यतो शांत ठेवून क्लॅरिनेट आणि तालवाद्ये यांच्यावर भार टाकावा लागतो. समोर संचालनाला उभा असलेला संगीतकार स्वतः तरुणपणी सैनिकी बँडसाठी लिहीत असे, त्यामुळे अशी एकही पळवाट त्याच्या कानातून सुटणार नाही हे संयोजकाला पक्के ठाऊक असते. पण त्याच कारणाने चांगली सोडवणूकही त्याला न सांगता कळते. एका कारागिराला दुसऱ्याकडून मिळणारी ती दाद मला या पेशाची सर्वांत मोठी कमाई वाटते.

हा प्रवास उलट्या दिशेनेही झालेला आहे. ब्रिटिश बँडमास्तर एफ. जे. रिकेट्स यांनी केनेथ आल्फर्ड या टोपणनावाने 1914 मध्ये ‘कर्नल बोगी’ हा मार्च लिहिला. 1957 मध्ये ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटात युद्धकैदी तो शिट्टीवर वाजवत येतात, आणि संगीतकार माल्कम आर्नल्ड यांनी त्याच्यावर अचूक बसेल असा दुसरा मार्च रचून दोन्ही एकाच वेळी वाजवले. या चित्रपटाच्या संगीतासाठी आर्नल्ड यांना ऑस्कर मिळाले, पण रिकेट्स यांचे निधन 1945 मध्येच झाले होते. चित्रपटानंतर ही दोन मार्चांची जोडी बँडसाठी पुन्हा लिहिली गेली आणि जिथून निघाली त्या सैनिकी कार्यक्रमांत परत वाजू लागली.

आणि 2013 मध्ये मरीन बँडच्या 215 व्या वर्षानिमित्त विल्यम्स यांनी ‘द प्रेसिडेंट्स ओन’ (राष्ट्राध्यक्षांचा स्वतःचा) या बँडच्याच उपाधीवरून ‘फॉर द प्रेसिडेंट्स ओन’ ही रचना थेट बँडसाठी लिहिली. तीत व्हायोलिनची कोणतीही ओळ बदलावी लागत नाही, कारण ती तेथे कधी नव्हतीच. क्लॅरिनेटचे फिके स्वर कुठे झाकायचे आणि ट्रम्पेटला श्वास कुठे द्यायचा हे संगीतकारानेच ठरवलेले आहे. चित्रपटसंगीत बँडवर बसवणाऱ्या प्रत्येक तरुण संयोजकाने विल्यम्स यांच्या एखाद्या चित्रपटखंडाचे बँडसाठी केलेले रूपांतर आणि ही मूळचीच बँडची रचना यांचे स्वरलेख शेजारी ठेवून वाचावेत. तोच संगीतकार तंतुवाद्ये हाताशी असताना काय करतो आणि नसताना काय करतो, हे त्या दोन कागदांवर ओळीओळीने दिसते.